सेकंदाला सहा लिटर हवा

एप्रिलच्या भर दुपारी ताईच्या कर्वेनगरच्या फ्लॅटवर गेलो, तर आतल्या खोलीत कुणी मिक्सर लावलाय असं वाटलं. भाचा गेम खेळत होता. लॅपटॉप गादीवर, त्याखाली उशी, आणि कडेच्या जाळीतून येणारी झळ अशी की समोर पापड ठेवले तर वाळतील.

"मामा, याचा फॅन गेलाय का बघ ना."

फॅन गेला असता तर आवाजच आला नसता. तो बिचारा ओव्हरटाइम करत होता.

लॅपटॉप वजन उचलत नाही की टाकीत पाणी चढवत नाही. त्याने ओढलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. चिपमधले अब्जावधी ट्रान्झिस्टर अविरत चालू-बंद होत असतात. दर खेपेला इवलासा विद्युतभार भरायचा आणि सोडायचा, आणि त्यातली ऊर्जा तिथेच तापून जाते. गेम रंगात आला की प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप मिळून 150 वॅट सहज खातात. इस्त्री 1000 वॅटची असते, तिच्यापुढे हे किरकोळ वाटेल. पण इस्त्रीचा तळ साधारण 200 चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला 5 वॅट. दीड चौरस सेंटिमीटरच्या चिपमधून 50 वॅट निघाले तर तोच आकडा तिशीपार जातो. इस्त्रीच्या सहापट, तेही मांडीवर.

एवढ्याशा जागेतून उष्णता उचलते ती तांब्याची चपटी नळी, हीट पाइप. माझी या सगळ्या यंत्रणेतली सर्वात आवडती वस्तू. ती भरीव नसते. आतली हवा काढून टाकलेली असते आणि थेंबभर पाणी असतं. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, म्हणून इथे उघड्या पातेल्यातलं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. नळीत तर हवेचा दाबच नाही, त्यामुळे चाळीस-पन्नास अंशांनाही वाफ धरते. वाफ थंड टोकाला पळते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते, आणि समईची वात तेल ओढते तसं नळीच्या आतलं सच्छिद्र अस्तर ते पाणी परत चिपपाशी आणतं. ना मोटर, ना आवाज. 1963 साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही नळी करून दाखवली, तेव्हा डोळ्यांपुढे अवकाशयानं होती. आज ती गादीवरच्या उशीवर राबते आहे.

थंड टोकाला तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची जाळी असते, आणि तिच्यातून हवा ढकलायला फॅन. आता हिशोब बघा. पुण्याच्या उन्हाळ्यातली एक लिटर हवा एक अंशाने तापवायला जेमतेम एक ज्यूल लागतो. (एक लिटर पाण्याला सुमारे 4200.) म्हणजे 150 वॅट बाहेर काढायचे आणि हवा 25 अंशांनी तापू द्यायची, तर सेकंदाला सहा लिटर हवा हवी. दर सेकंदाला पाण्याच्या सहा बाटल्यांएवढी हवा, बोटभर जाडीच्या फटीतून! मिक्सरचा आवाज येणार नाही तर काय होईल?

त्यात फॅनचा नियम मोठा कडक. वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण वीज आठपट लागते आणि आवाज साधारण 15 डेसिबलने चढतो. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो, त्यामुळे ही वाढ जवळजवळ तिपटीची. शिवाय सूर बघा. फॅन मिनिटाला 4800 फेरे, म्हणजे सेकंदाला 80 घेत असेल आणि त्याला 50 पाती असतील, तर 4000 हर्ट्‌झची शिट्टी निघते. आपला कान नेमका याच पट्ट्यात सर्वात तिखट असतो. ताईला स्वयंपाकघरात कुकरपेक्षा हीच शिट्टी जास्त टोचते, ते उगाच नाही.

उशी काढली. हवा आत घेण्याची जाळी बहुधा पोटाखालीच असते. ती बुजली की सहा लिटरचे दोन होतात. मागच्या बाजूला बाटलीची दोन बुचं लावून लॅपटॉप उचलला, तर झळ लगेच कमी झाली. तरी समाधान होईना, म्हणून तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, नेला. कारागिराने झाकण उघडलं. पाती तशी स्वच्छच दिसत होती. त्याने फॅन उचलला आणि चिमट्याने पट्ट्यांच्या तोंडावरून करड्या धुळीची अखंड पट्टी सोलून काढली, गोधडीच्या तुकड्यासारखी. बाहेरून फुंकर मारून ही कधीच निघाली नसती. चिपवरची थर्मल पेस्टही, म्हणजे चिपची उष्णता पुढे पोचवणारा लेप, वाळून तिच्या खपल्या झालेल्या. ती पुसून नवी लावली. हवा मारताना त्याने पात्यांत टूथपिक अडकवली होती. मोकळा फॅन वाऱ्याने भन्नाट फिरला तर बेअरिंग खराब होतं.

घरी आल्यावर भाच्याने वेगळंच विचारलं. गेम सुरूही झालेला नाही, नुसता मेनू पडद्यावर आहे, तरी फॅन का बोंबलतो? कारण मेनूचं चित्र सोपं असतं, आणि लगाम नसेल तर ग्राफिक्स चिप सेकंदाला शेकडो चित्रं काढत सुटते, पडद्याला ती दाखवता येवोत न येवोत. सेटिंगमध्ये सेकंदाला 60 फ्रेमची, म्हणजे चित्रांची, मर्यादा घातली, आणि शिट्टी उतरली. चिपच्या व्होल्टेजचंही असंच आहे. वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत बदलतो, त्यामुळे ते दहा टक्के कमी झालं तर 19 टक्के वीज वाचते. फॅनला गप्प करण्यापेक्षा उष्णताच कमी निर्माण करणं मला कधीही बरं वाटतं.

एवढं करूनही एप्रिलची दुपार ती दुपारच. चिप शंभरीला टेकली की स्वतःचा वेग कमी करून घेते. खोलीत 25 अंश असतील तर हाताशी 75 अंशांचा फरक असतो. 40 असतील तर फक्त 60. म्हणजे त्याच फॅनने वीस टक्के कमी उष्णता बाहेर पडते. हे गणित भाच्याला कागदावर मांडून दाखवलं, ही माझी चूक. आता तो रात्री अकरानंतर खेळायला बसतो, आणि ताई ओरडली की माझ्याकडे बोट दाखवतो: "आई, हे फिजिक्स आहे. मामाला विचार."