कारा किती, शिबी किती? एका रामेनच्या वाडग्यातल्या दोन वेगळ्या संवेदना

टोक्योमधे कान्दा स्टेशनजवळ किकानबो नावाचं एक छोटंसं रामेनचं, म्हणजे गरम सूपातल्या जपानी नूडल्सचं, दुकान आहे. काउंटरला मोजक्या खुर्च्या, भिंतीवर राक्षसांचे मुखवटे, मागे ढोलांचा आवाज आणि जेवणाच्या वेळेला बाहेर रांग. दाराशी मशीन असतं, त्यात पैसे टाकून तिकीट घ्यायचं, ते काउंटरवर दिलं की दोनच गोष्टी विचारतात, कारा किती आणि शिबी किती. कारा म्हणजे मिरचीचा तिखटपणा, शिबी म्हणजे सान्शो जातीच्या मिरीने जिभेला येणाऱ्या झिणझिण्या. दोन्हीला पाच पाच लेव्हल, "अजिबात नको" पासून "ओनी" म्हणजे राक्षसी पर्यंत, आणि ओनी हवं असेल तर थोडे पैसे जास्त. मग मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचा) दाट सूप, वर डुकराच्या मांसाचा जाड तुकडा, मोड आलेलं कडधान्य आणि बेबी कॉर्न असा वाडगा समोर येतो.

रामेन चविष्ट असतंच, पण मला या दुकानाचं खरं कौतुक त्या दोन प्रश्नांसाठी वाटतं, कारण आपण सगळं एका "तिखट" मधे टाकून मोकळे होतो आणि इथे मात्र दोन्ही वेगळं वेगळं मागता येतं, आणि शरीरातसुद्धा त्या दोन अगदी वेगळ्या यंत्रणा आहेत.

आधी कारा. मिरचीत कॅप्सेसिन असतं (बियांत नाही हां, बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात त्या गरात). याचा जिभेवरच्या चवीच्या कळ्यांशी संबंध नाही. वेदना आणि उष्णता कळवणाऱ्या नसांच्या टोकाला टीआरपीव्ही 1 नावाचं प्रथिन असतं, म्हणजे एक दारच, जे साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेलं की उघडतं आणि मेंदूला भाजतंय म्हणून कळवतं. कॅप्सेसिन तेच दार गरम काही नसतानाही उघडतं. हे प्रथिन अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मधे शोधलं. पक्ष्यांमधे हे दार असतं पण त्याला कॅप्सेसिन जवळपास कळतच नाही, म्हणून पोपट मिरच्या आरामात खातो.

आता रामेनमधे गंमत अशी की कॅप्सेसिन असताना तेच दार आणखी कमी तापमानालाही उघडायला लागतं, आणि सूप तर मुळातच 43 अंशांच्या कितीतरी वर असतो, म्हणजे दोन्हीकडून एकाच दारावर जोर, त्यामुळे तीच मिरची कोमट सूपात जेवढी लागेल त्यापेक्षा उकळत्या सूपात कितीतरी जास्त लागते. शिवाय कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही, चरबीत विरघळतं, आणि सूपावर चरबीचा थर असतोच, म्हणून ते हळूहळू सुटत राहतं आणि पाणी पिऊन जात नाही. थंड पाणी तोंडात आहे तोवर बरं वाटतं कारण ते दार थंड होतं, गिळलं की पुन्हा सुरू. दूध खरंच कामाचं, त्यातलं केसीन नावाचं प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवतं, आणि साय काढलेलं दूधही चालतं.

अजून एक. घासामागून घास लगेच लगेच खाल्ला तर जळजळ वाढत जाते, मधे दहा पंधरा मिनिटं थांबलं तर त्याच नसा थोड्या बधिर होऊन पुढचा घास सौम्य लागतो. पण रामेन खाताना थांबणार कसं, नूडल्स सूपात फुगून मऊ पडतात आणि बाहेर लोक उभे असतात, त्यामुळे सगळे भराभर खातात आणि जळजळ शेवटपर्यंत चढतच जाते. आणि सुर्रकन ओढून खाताना तिखटाचे बारीक थेंब घशात गेले की ठसका लागतो, खोकल्यावर संशोधन करणारे लोक मुद्दाम खोकला आणण्यासाठी कॅप्सेसिनचाच फवारा हुंगायला देतात!

आता शिबी, आणि मला जास्त सांगायचंय ते याबद्दल. सान्शो, चीनमधली सिचुआन मिरी आणि आपलं तिरफळ ही तिन्ही एकाच वंशातली झाडं, लिंबाच्या कुळातली. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या आमटीत तिरफळ पडतं ना, तेच. बी कडू म्हणून काढून टाकायचं आणि साल वापरायची ही पद्धतसुद्धा जपानात आणि आपल्याकडे सारखीच.

या मिऱ्यांमधे सान्शूल नावाचं रसायन असतं आणि ते भाजल्याचं नाटक करण्यावर थांबत नाही. आपल्या नसांमधून पोटॅशियम सतत थोडं थोडं बाहेर झिरपत असतं आणि त्यामुळे नस शांत राहते. सान्शूल ही झिरपायची वाट बंद करतं, नस अस्वस्थ होते आणि कारण नसताना संदेश पाठवायला लागते. यात स्पर्श कळवणाऱ्या नसाही येतात! म्हणून ओठाला काही टेकलेलं नसताना ओठ थरथरल्यासारखा वाटतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2013 मधे हे मोजलं. लोकांच्या ओठाला सिचुआन मिरी लावली, बोटाला यंत्राने कंपन दिलं आणि विचारलं की ओठातली थरथर कोणत्या कंपनासारखी वाटते. उत्तर आलं साधारण 50 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 50 वेळा. आपल्या घरातली वीज पण 50 हर्ट्झची आणि टोक्योचीही तेवढीच (ओसाकाला मात्र 60), हा निव्वळ योगायोग आहे पण मला तो खूप आवडतो.

2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन या दोघांना मिळालं, उष्णता आणि स्पर्श शरीराला कसे कळतात त्यासाठी. किकानबोच्या वाडग्यात नेमक्या याच दोन जातीच्या नसा छेडल्या जातात, आणि चव तिसरीकडून वेगळीच येते, मिसोमधलं ग्लुटामेट (हे 1908 मधे किकुनाए इकेदांनी ओळखलं, कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळातून) आणि मांसातलं इनोसिनेट एकत्र आले की उमामी, म्हणजे सूपाला येणारी ती भरलेली, चविष्ट चव, कितीतरी पटीने वाढते.

म्हणून कधी गेलात तर पहिल्यांदा दोन्ही "फुत्सू" म्हणजे नॉर्मल घ्या. दोघं असाल तर अजून छान, एकाने कारा वाढवून शिबी शून्य घ्यायची, दुसऱ्याने उलट, आणि अर्ध्यावर वाडगे बदलायचे. शिबीवाल्या वाडग्यानंतर एक घोट साधं पाणी पिऊन बघा, पाणी तोंडात वेगळंच लागतं.