सिस्टर आधी नऊ नंबरला का गेल्या?

एप्रिलातली रात्र, साडेअकरा वाजून गेलेले. नाशिकच्या एका रुग्णालयाचा जनरल वॉर्ड. हर्नियाचं ऑपरेशन झालेले माझे सासरे सहा नंबरच्या कॉटवर आणि मी शेजारच्या स्टुलावर.

पाच-सात मिनिटांत एवढं सगळं झालं. चार नंबरचा मुलगा सलाईनची नळी दोन बोटांत दाबून ओरडायला लागला, "सिस्टर, बाटली संपली, हवा जाईल आत!" अकरा नंबरचा पाय मोडलेला तरुण कळवळून हाका मारत होता. दोन नंबरला बेडपॅन हवं होतं. आणि नऊ नंबरचे निफाडकडचे आजोबा, जे लघवीच्या त्रासासाठी दाखल होते, डोळे मिटून पुटपुटले, "शेकोट्या पेटवल्या का रे?" सून हसली. "झोपेत बरळताहेत," म्हणाली. तिने कोणाला हाक मारली नाही.

सिस्टर चार नंबरला "आले हं, काही होत नाही" म्हणाल्या आणि थेट नऊ नंबरला गेल्या. चार नंबरच्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं नव्हतं.

आधी त्या बाटलीचं बघू, कारण ही भीती घरोघरी आहे. सलाईन हाताच्या शिरेत जाते ती उंचीच्या जोरावर. बाटली साधारण हात-दीड हात वर टांगलेली असते आणि तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब शिरेतल्या दाबापेक्षा जास्त भरतो. शिरेतला दाब अगदी कमी, पाण्याच्या भाषेत दहा-पंधरा सेंटिमीटरच्या आसपास. बाटली रिकामी झाली की नळीतलं पाणी खाली सरकत येतं आणि हाताच्या थोडं वर, दोन्ही दाब सारखे झाले की, आपोआप थांबतं. म्हणजे नळीतली हवा शिरेत ढकलायला मागे जोरच उरत नाही. उलट थोडं रक्त नळीत चढतं, ते बघून नातेवाईक आणखी घाबरतात. मग नुकसान काहीच नाही का? आहे. ते रक्त सुईत गोठलं तर सुई बंद पडते आणि रुग्णाला नव्याने टोचून घ्यावं लागतं. (मानेतून मोठ्या शिरेत टाकलेली नळी किंवा दाब देऊन चालवलेली बाटली, ही गोष्ट वेगळी.) तेव्हा सांगायला हवंच, पण ते काम दहा-पंधरा मिनिटं थांबू शकतं.

अकरा नंबरचं दुखणं खोटं नव्हतं. पण जो मोठ्याने ओरडतो त्याची श्वासनलिका मोकळी आहे, छातीत हवा पुरेशी जाते आहे आणि तो शुद्धीवर आहे, या तीन गोष्टी त्याने स्वतःच कळवलेल्या असतात. परिचर्येत कामांचा क्रम लावतात तो याच पायऱ्यांनी: आधी श्वासाचा मार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण. मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत कायमची इजा व्हायला लागते, मूत्रपिंडं त्याहून बराच जास्त वेळ तग धरतात, आणि चुरगळलेली चादर सकाळपर्यंत थांबते. कोणाच्या हातात किती वेळ आहे, यावरून हा क्रम ठरतो. हाक किती मोठी आहे याला त्यात जागा नाही. क्रम दगडावरची रेघ मात्र नाही. धमनीतून रक्ताची चिळकांडी उडत असेल तर आधी ती दाबायची. हृदयच बंद पडलं असेल तर २०१० पासून अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मार्गदर्शनात छाती दाबणं पहिलं आलं आणि श्वासाचा मार्ग त्यानंतर.

सिस्टरांनी आजोबांना विचारलं, "बाबा, कुठे आहात तुम्ही?"

"कुठे म्हणजे? बागेत."

निफाडला थंडीत पारा फार उतरला की द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटवतात, पण ते डिसेंबर-जानेवारीत. एप्रिल म्हणजे खरड छाटणीचे दिवस. संध्याकाळी हेच आजोबा छाटणीच्या मजुरीचा हिशेब तोंडी करत होते. सिस्टरांनी सुनेला एवढंच विचारलं, "हे असं कधीपासून?" आणि आजोबांचं मनगट धरलं.

मी मुद्दाम बघत होतो. बोटं नाडीवर, पण नजर छातीवर, आणि मधूनमधून घड्याळावर. पुढे कळलं की ही जुनी युक्ती आहे. श्वास मोजतोय असं सांगितलं की माणूस नकळत वेगळा श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी बघतोय असं भासवायचं आणि छाती किती वेळा वर येते ते पूर्ण मिनिटभर मोजायचं. हे मोजायला यंत्र लागत नाही, खर्च नाही, आणि कदाचित म्हणूनच हा आकडा सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो. अनेक चार्टवर दर वेळी '१८' किंवा '२०' लिहिलेलं दिसतं, जणू सगळा वॉर्ड एका तालात श्वास घेतोय.

आणि तोच आकडा सगळ्यात आधी हलतो. मेंदूच्या तळाशी असलेली लंबमज्जा आणि मानेतल्या मोठ्या धमन्यांजवळचे बारीक संवेदक रक्तातला ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता यांवर सतत पहारा ठेवतात. लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात पसरू लागला की पेशींचं काम बिघडतं, लॅक्टिक आम्ल साठतं. आम्ल कमी करायचा शरीराकडचा झटपट मार्ग म्हणजे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं, म्हणजेच भराभर श्वास घेणं. बीपी मात्र शेवटपर्यंत सोंग टिकवून धरतं. शिरा आवळल्या जातात, हृदय जोरात पळतं आणि यंत्रावर आकडा बरा दिसतो. रक्तस्रावातही हेच होतं. पाच लिटरांतलं दीड लिटरच्या आसपास रक्त जाईपर्यंत तरुण माणसाचं बीपी बहुधा टिकून राहतं, नाडी मात्र आधीच धावत सुटलेली असते. ऑपरेशननंतर "बीपी नॉर्मल आहे" ऐकून आपण निश्चिंत होतो, तेव्हा नाडीचा आकडाही विचारावा.

सिस्टरांनी आजोबांचे आकडे कागदावर मांडले. श्वास मिनिटाला २४. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९४. नाडी १०४. वरचं बीपी १०८. ताप १०१. यातला एकही आकडा घरच्यांना घाबरवणारा नाही. २०२१ च्या एप्रिलमधल्या रुग्णालयातल्या ऑक्सिजन गळतीनंतर नाशिककरांना ऑक्सिजनचं मोल वेगळं सांगावं लागत नाही, तरी ९४ बघून आपण "बरं आहे की" म्हणू. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये अशा आकड्यांना गुण देऊन बेरीज करण्याची पद्धत काढली, २०१७ मध्ये ती सुधारली. तिच्या हिशेबाने श्वासाचे २ गुण, ऑक्सिजन, नाडी, बीपी आणि ताप यांचा प्रत्येकी १. झाले ६. पाच किंवा जास्त झाले की डॉक्टरांना तातडीने बोलवायचं, सात झाले की आणीबाणी. २०१७ च्या सुधारणेत एक नवी गोष्ट आली: माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला तर त्या एकट्याचे ३ गुण. आजोबांच्या शेकोट्यांनी बेरीज ९ वर नेली.

हा तीन गुणांचा आकडा कुठल्याही यंत्रावर दिसत नाही. कालपर्यंत माणूस कसा बोलत होता हे घरच्यांनाच ठाऊक असतं, आणि घरचेच "वयामुळे होतं" म्हणून तो गिळून टाकतात. तसंच दुसरं म्हणजे उपवास. इन्सुलिन घेतल्यावर रुग्णाने चतुर्थी म्हणून ताट गुपचूप बाजूला सारलं, तर तासाभराने घाम, थरथर, साखर ७० च्या खाली. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासतात, पण ताट तसंच परत गेलं हे सिस्टरांना कळलं तरच ना.

त्या रात्री वॉर्डात सिस्टर एकट्या होत्या, आणि कॉट मी मोजल्या नाहीत, पण खूप होत्या. लिंडा एकन यांच्या चमूने अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. ऑपरेशन झालेल्या रुग्णांत, एका नर्समागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. शंभरातले सात नव्हेत, आधी जेवढी शक्यता होती तिच्या सात टक्के. तरीही एका जास्तीच्या कॉटची किंमत म्हणून ती मला जबर वाटते. क्रम कितीही अचूक लावला तरी चौथ्या नंबरच्या कामाला पोचायला माणूस लागतोच.

डॉक्टर आले. रक्ताचे नमुने गेले, शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं आणि स्ट्रेचर आयसीयूकडे निघालं. (तिसऱ्या दिवशी आजोबा फोनवर मजुरीवरून कोणाशी तरी भांडत होते, असं सुनेने सांगितलं.) सिस्टर अकरा नंबरला वेदनाशामक देऊन चार नंबरला आल्या तेव्हा बारा वाजून गेले होते. नळीत बोटभर रक्त चढलं होतं. त्यांनी पिचकारीने थोडं सलाईन आत सोडून पाहिलं. सुई चालू होती. मुलगा काही बोलला नाही. बेडपॅन मावशींनी केव्हाच दिलं होतं.

मी सासऱ्यांचं मनगट हातात घेतलं. त्यांनी डोळे उघडून विचारलं, "काय करतोस रे?"

"काही नाही, नाडी बघतोय," म्हटलं, आणि त्यांच्या छातीकडे बघत राहिलो. सोळा.