चिकांडा प्रकरण नेमकं सुरू कुठून झालं?

ऑर्किड धोक्यात म्हटलं की आपल्या डोक्यात पहिल्यांदा येतो तो फुलांचा शौकीन, कुंड्या, ग्रीनहाऊस, चोरून आणलेली दुर्मिळ रोपं वगैरे. पण झांबिया-टांझानियाच्या जमिनीवरच्या ऑर्किड्सचं तसं नाहीये. तिथे फुलाला कोणी विचारत नाही, सगळा धंदा खालच्या कंदाचा आहे आणि त्या कंदाचा चिकांडा नावाचा पदार्थ करून लोक खातात.

झांबियाच्या पठारावर डाम्बो नावाच्या उथळ, गवताळ, पाणथळ जागा असतात, झाडं जवळपास नाहीत, पावसाळ्यात पाणी साचतं आणि कोरड्या महिन्यांत गवत वाळून बऱ्याचदा वणव्यात जळून जातं. डिसा, सॅटिरियम, हबेनारिया या जातकुळीतल्या ऑर्किड्स अशाच जागी वाढतात. वर सगळं जळालं तरी कंद जमिनीत सेफ असतो, पाऊस पडला की कोंब वर. (हबेनारिया आपल्या कासच्या पठारावरही आहे आणि सॅटिरियमची एक जात महाबळेश्वरला सापडते, त्यामुळे ही मंडळी अगदीच परकी नाहीत.)

झांबियाच्या उत्तरेकडचे बेम्बा लोक हे कंद कित्येक पिढ्या खात आलेत. कंद सोलून वाळवायचे, कुटून पीठ करायचं, त्यात दाण्याचं कूट, मिरची, मीठ आणि सोडा किंवा राखेचं पाणी घालून शिजवत घोटत राहायचं. कंदातल्या चिकट द्रव्यामुळे ते आळून घट्ट होतं, मग झाकणावर निखारे ठेवून वरूनही भाजतात आणि काप करून खातात. हाच चिकांडा. दिसायला मांसाच्या सॉसेजसारखा म्हणून इंग्रजीत त्याला आफ्रिकन पोलोनी म्हणतात, आत मांस औषधालाही नाही.

गावापुरतं होतं तोवर ठीक चाललं होतं. पण १९२०-३० च्या दशकांत झांबियाच्या कॉपरबेल्ट या भागात तांब्याच्या खाणी जोरात सुरू झाल्या आणि उत्तरेकडची माणसं कामाला तिथल्या किटवे, एन्डोला या शहरांकडे गेली, माणसं गेली तसं जेवणही गेलं, पुढे शहरं वाढली आणि बेम्बांचा पदार्थ सगळ्या देशाचा झाला. आता राजधानी लुसाकात तो रस्त्यावरही मिळतो आणि सुपरमार्केटमध्येही. मला विचाराल तर खरी गोष्ट इथेच फिरली, कारण खाणारा शहरात आणि कंद रानात, मग मधे व्यापारी येणारच.

झांबियातले कंद कमी पडायला लागले तशी १९९० च्या दशकात नजर शेजारी गेली, मुख्य म्हणजे टांझानियाच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात. तिथून टुंडुमाच्या सीमेवरून पोती झांबियात जायला लागली. २००३ मध्ये आलेल्या एका अभ्यासात अंदाज होता की एकट्या टांझानियातून वर्षाला ४० लाखांपर्यंत कंद बाहेर जात असावेत! त्याच भागात किटुलोचं पठार आहे, साधारण २,६०० मीटर उंचीवर, स्थानिक लोक त्याला 'बुस्तानी या मुंगू' म्हणजे देवाची बाग म्हणतात. २००५ मध्ये ते नॅशनल पार्क झालं, आणि आफ्रिकेच्या उष्ण कटिबंधात मुख्यतः फुलझाडांसाठी केलेलं हे पहिलंच. हत्ती-सिंहांच्या देशात गवतातल्या फुलांसाठी पार्क, हे मला फार भारी वाटतं. पण पार्कने मागणी थोडीच कमी होते, बाहेरून खोदणं चालूच राहिलं.

आता खोदल्यावर एवढं नुकसान का, बटाट्यासारखं परत उगवत नाही का? नाही. या झाडाला साधारण दोन कंद असतात, जुना यंदाचं फूल पोसून सुकत जातो आणि नवा टणक कंद पुढच्या वर्षासाठी असतो. बाजारात किंमत टणक कंदालाच, म्हणजे झाडाचं पुढचं वर्षच काढून नेलं. त्यात कंद शोधायचा तर वरचं पान-फूल दिसावं लागतं, त्यामुळे बी पिकायच्या आधीच झाड हातात येतं. आणि बी धुळीइतकं बारीक, त्यात साठवलेलं अन्न जवळपास नसतंच, रानात रुजायला विशिष्ट बुरशीची साथ लागते. हे नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्येच दाखवून दिलं होतं. म्हणून 'शेती करा की मग' हे सांगायला सोपं आहे, रुजवणं आणि मग कंद खाण्याएवढा व्हायला काही वर्षं वाट बघणं कोणत्या शेतकऱ्याला परवडणार?

कायद्याचं म्हणाल तर ऑर्किड्स साइटीस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत, परवान्याशिवाय सीमापार नेता येत नाहीत. पण सोललेला वाळका कंद बघून जात ओळखणार कोण, पीठ झालं तर विषयच संपला. म्हणून अलीकडे संशोधकांनी बाजारातल्या चिकांडाचे तुकडे घेऊन डीएनए तपासला, आणि त्यात एक नाही तर बऱ्याच जातींचं मिश्रण निघालं. आपल्याकडे सालममिश्री म्हणून जे कंद विकतात तेही ऑर्किडचेच, आणि पुडीत नेमकी कोणती जात आहे हे दुकानदारालाही सांगता येईलच असं नाही.