दमणी : जुनी गाडी घेणे व चालती करणे

दमणी म्हणजे माणसांच्या प्रवासासाठीची हलकी, छप्पर असलेली, दोन बैलांची गाडी. शेतमालाच्या गाडीपेक्षा तिचा साटा (बसण्याचा लाकडी सांगाडा) अरुंद आणि चाके हलकी असतात. मराठवाड्यात माहेरी निघालेल्या लेकी, वऱ्हाडी, यात्रेकरू आणि आजारी माणसे हिच्यातून जात. आज जुन्या वाड्यांच्या ढेलजेत किंवा गोठ्यामागे अशा गाड्या पडून असतात आणि त्या विकत घेऊन पुन्हा चालत्या करणारे हौशी लोकही आढळतात.

प्राचीनत्व : या प्रदेशातील बैलगाडीचा इतिहास किती मागे न्यावा याबद्दल मतभेद आहेत. मराठवाड्याच्या शेजारी, प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ मध्ये चार कांस्यशिल्पे सापडली. त्यांपैकी एक दोन बैल जुंपलेल्या रथाचे असून त्याची लांबी सुमारे ४५ सेंमी. आहे. रथात एक पुरुष उभा आहे. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी ही शिल्पे उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे स्थूलमानाने इ. स. पू. २०००च्या आगेमागची मानली. पुरातत्त्वज्ञ डी. पी. अग्रवाल यांनी मात्र धातूतील आर्सेनिकाच्या प्रमाणावर बोट ठेवले. इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत असे मिश्रण आढळत नसल्याने ही शिल्पे बरीच नंतरची असू शकतील, असे त्यांचे म्हणणे. शिल्पे उत्खननात न मिळता योगायोगाने हाती लागली, त्यामुळे थरांच्या पुराव्यावरून हा वाद निकाली निघत नाही. काल कोणताही धरला तरी दोन बैल, जू आणि लांब दांडी ही जुळणी तेथे स्पष्ट दिसते.

लिखित पुरावा अधिक भक्कम आहे. इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण व तगर येथील माल गाड्यांत घालून, वाट नसलेल्या मोठ्या मुलखातून गुजरातेतील भडोच बंदरात नेत, असे म्हटले आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड जात, तर तगरहून जाडेभरडे कापड आणि मलमल. तगर कोणते, यावर बराच खल झाला. भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवले, रा. गो. भांडारकरांनी धारूरकडे कौल दिला, आणि पुरालेखतज्ज्ञ फ्लीट यांनी १९०१ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील तेरचा पक्ष मांडला. ग्रंथात तगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे. तेर पैठणच्या आग्नेयेस, सरळ रेषेत सुमारे १५० किमी.वर आहे. भरल्या गाडीची चाल आणि काळ्या मातीतील वाट लक्षात घेता फ्लीट यांचे मत अधिक पटते.

१९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग झाल्यावर स्थानकापासून गावापर्यंतचा टप्पा दमणीकडे आला. निजाम संस्थानाची मोटारसेवा १९३२ मध्ये सुरू झाली. शेतमालाच्या गाडीला पुढे रबरी टायर आले, दमणी मात्र बहुधा लाकडी चाकांवरच राहिली.

खरेदी : गाडी घेताना नजर आधी छपराकडे आणि पितळी घुंगरांकडे जाते. जाणता सुतार मात्र थेट चाकाशी बसतो. चाकाचे भाग म्हणजे मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर बसणारे वक्र पुठे आणि सर्वांना आवळणारी लोखंडी धाव. तुंब्यासाठी व पुठ्यांसाठी बाभूळ, साट्यासाठी साग आणि दणका सोसणाऱ्या भागांसाठी धावडा किंवा तिवस वापरत. आरा किंवा पुठा बदलता येतो, पण उभा चिरलेला तुंबा सहसा वाचत नाही. म्हणून त्यावर हलकी हातोडी मारून पाहावी. भद्द आवाज आला तर आत वाळवी किंवा भुंगा लागल्याची शंका घ्यावी. तुंब्यातील लोखंडी आवण (आस फिरतो ती नळी) एका बाजूने झिजले असेल तर चाक डुलते.

मराठवाड्याचा कोरडा उन्हाळा हा चाकाचा खरा शत्रू. लाकूड आकसते, आरे खुळखुळतात, धाव सैल पडते. पूर्वी अशी चाके नदीच्या डोहात बुडवून फुगवत. विक्रीआधी कोणी तसे केले असेल तर चाक घट्ट वाटते आणि महिन्याभरात पुन्हा खिळखिळे होते. त्यामुळे खरेदी उन्हाळ्याच्या अखेरीस करणे उत्तम.

धाव चढवणे : दुरुस्तीत सर्वांत कसोटीचे काम हेच. चाकाचा घेर दोरीने किंवा लहान चकती फिरवून मोजतात आणि धाव त्याहून किंचित आखूड जोडतात. ती जमिनीवर आडवी ठेवून भोवती गोवऱ्या रचून पेटवतात. लोखंड तापून प्रसरण पावले की तीन-चार जण सांडशांनी उचलून ती पुठ्यांवर बसवतात. लाकूड धुमसू लागते, लोहार घण मारीत फिरतो आणि लगेच पाणी ओततात. धाव आकुंचन पावताना पुठ्यांचे सांधे करकरत मिटतात, आरे तुंब्यात रुततात. धाव जास्त आखूड झाली तर आरे वाकतात, पुरेशी आखूड नसली तर पुढच्या उन्हाळ्यात ती निघून येते. किती आखूड ठेवायची हे लोहार लाकडाचा सुकेपणा पाहून ठरवतो. हे हात झपाट्याने कमी होत आहेत, आणि जुन्या गाडीपेक्षा त्यांची निकड मोठी आहे.

छपरासाठी बांबूच्या कांब्या वाकवून त्यांवर तट्ट्या किंवा जाड कापड घालतात. आसाला वंगण म्हणून पूर्वी एरंडेल वापरत.

जुने लाकूड कितपत बदलावे याबद्दल दोन पक्ष आहेत. काही जण सडलेला भाग तेवढाच काढून जोड देतात, तर काही जण साटा नवा करून तैलरंग देतात. पहिली रीत श्रेयस्कर होय. हॉटेलांच्या दारात शोभेसाठी दांड्या कापून ठेवलेली दमणी पुन्हा जुंपता येत नाही.

वापर : लालकंधारी व देवणी हे येथील बैल अशा गाडीला साजतात. बैलांसाठी हाळी-हंडरगुळीचा बाजार प्रसिद्ध आहे. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावास्येला (मार्गशीर्ष अमावास्येला) आंबील-भज्जी घेऊन कुटुंबे गाडीतून शेतात जात. चालती केलेली दमणी त्या दिवशी अजूनही क्वचित बाहेर पडते. बैलगाडी यंत्रचलित नसल्याने मोटार वाहन कायद्याखालील नोंदणी तिला लागत नाही. मात्र ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार हाकणारा आणि सहा वर्षांखालील मुले वगळून चारच माणसे बसवता येतात. तसेच तापमान ३७ अंश सेल्सियसच्या वर असेल तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात बैल जुंपण्यास मनाई आहे.