कोर्बिनियन: आधी संत, मग फादर, मग सफरचंद

जर्मनीत म्युनिकजवळ फ्रायझिंग म्हणून गाव आहे, त्याच्या नगरचिन्हात पाठीवर गाठोडं बांधलेलं अस्वल दिसतं. ते संत कोर्बिनियनचं अस्वल. हा मूळचा आजच्या फ्रान्समधला, आठव्या शतकाच्या सुरुवातीला बव्हेरियात, म्हणजे फ्रायझिंग ज्या प्रांतात आहे तिथे, मिशनरी म्हणून आला. आख्यायिका अशी की रोमला जाताना अस्वलाने त्याचं ओझ्याचं जनावर मारलं, तर याने सगळं सामान त्या अस्वलाच्याच पाठीवर लादलं आणि तसाच पुढे गेला. त्या भागात आजही पोरांची नावं कोर्बिनियन ठेवतात.

असाच एक कोर्बिनियन आइग्नर, १८८५ चा जन्म, शेतकऱ्याच्या घरातला, १९११ ला फादर झाला पण जीव सगळा फळझाडांत. सफरचंद आणि पेअरच्या एकेका वाणाचं चित्र पोस्टकार्डाएवढ्या कागदावर काढायचा, अशी शेकडो चित्रं काढली त्याने, २०१२ ला कासेलच्या मोठ्या कलाप्रदर्शनात ती मांडली होती.

नाझींना त्याचा विरोध पहिल्यापासून. नोव्हेंबर १९३९ मध्ये हिटलरवर बॉम्बहल्ला झाला, हिटलर वाचला, आणि हा शाळेत धर्माच्या तासाला बोलून गेला की हल्लेखोराच्या मनात होतं ते पाप म्हणायचं का माहीत नाही, कदाचित लाखो जीव वाचले असते. झालं, अटक, तुरुंग, मग साक्सेनहाउझेनची छळछावणी आणि १९४१ पासून डाखाऊची. तिथे शेतीकामाला जुंपला, तर या माणसाने बराकींच्या मधल्या जागेत सफरचंदाच्या बिया रुजवल्या! आता बी लावलं की आईसारखंच झाड येईल असं नसतं, आपल्या कोयीच्या आंब्यासारखं, प्रत्येक रोप नवं. त्यातून चार वाण निघाले, त्यांना त्याने केझेड-१ ते केझेड-४ म्हटलं. केझेड म्हणजे जर्मनमध्ये छळछावणी. मला हे फार लागतं, जिथे माणसं नंबरावर मोजायचे तिथे त्याने झाडांनाही त्या जागेचंच नाव दिलं, काही लपवलं नाही.

एप्रिल १९४५ मध्ये कैद्यांना पायी हाकलत नेताना तो निसटला, परत आपल्या गावच्या चर्चमध्ये आला आणि परत झाडांत रमला. १९६६ ला वारला. १९८५ ला, जन्मशताब्दीला, केझेड-३ चं नाव बदलून कोर्बिनियन सफरचंद ठेवलं. आंबटगोड आणि टिकाऊ फळ आहे, बव्हेरियात लोक अजून त्याची कलमं लावतात.