दुप्पट जगणारा कृमी: सिंथिया केनियन यांचे वार्धक्यावरील संशोधन

१९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात जीवशास्त्रज्ञ सिंथिया केनियन यांना प्रयोगशाळेत काही आठवडे तशीच राहिलेली एक बशी सापडली. तिच्यात ‘सी. एलिगन्स’ हे जेमतेम एक मिलिमीटर लांबीचे कृमी मंदावलेले, म्हातारे झालेले दिसत होते. केनियन यांना त्यांची कीव आली आणि लगेच प्रश्न पडला, की या म्हातारपणावर कोणत्या जनुकांचे नियंत्रण असेल? वार्धक्य म्हणजे निव्वळ झीज, तिच्यात शोधण्यासारखे काही नाही, असे त्या काळी अनेक जीवशास्त्रज्ञ मानत असत. टॉम जॉन्सन यांनी मात्र १९८८ साली ‘एज-१’ या एका जनुकातील बदलाने कृमीचे आयुष्य वाढते, हे दाखवले होते.

१९९३ साली सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात केनियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘डॅफ-२’ या जनुकात बिघाड असलेले कृमी सरासरी ४२ दिवस जगतात, तर सामान्य कृमी १८ दिवसांत मरतात, असे प्रसिद्ध केले. या जनुकाची ओळख तोवर वेगळ्या कारणाने होती. अन्न कमी आणि गर्दी जास्त झाली, की कृमीची पिल्ले वाढ थांबवून ‘डाउअर’ नावाच्या सुप्त अवस्थेत जातात आणि काही न खाता महिनोन्‌महिने तग धरतात. त्या निर्णयात ‘डॅफ-२’चा हात असतो. म्हणून केनियन यांनी कृमींना तो टप्पा कमी तापमानात ओलांडू दिला आणि त्यानंतरच तापमान वाढवून जनुकाचा बिघाड प्रकट होऊ दिला. ते कृमी प्रौढ झाले, हालचाल करत राहिले, त्यांना पिल्लेही झाली आणि तरीही ते दुप्पट जगले. माझ्या मते या प्रयोगाचे खरे मोल येथेच आहे, कारण लांबलेले होते ते तारुण्य.

१९९७ साली गॅरी रुव्हकुन यांच्या गटाने ‘डॅफ-२’पासून बनणारे प्रथिन माणसातील इन्शुलिनच्या ग्राहक प्रथिनाशी, म्हणजे इन्शुलिनचा संदेश पेशीत पोहोचवणाऱ्या प्रथिनाशी, मिळतेजुळते असल्याचे उघड केले आणि वार्धक्याचा धागा थेट चयापचयाशी जुळला. अन्न मुबलक असताना हा संदेश ‘डॅफ-१६’ या प्रथिनाला पेशीकेंद्रकाबाहेर ठेवतो. संदेश क्षीण झाला, की ते केंद्रकात शिरून पेशीचे रक्षण करणारी अनेक जनुके चालू करते. ‘डॅफ-१६’ नसेल, तर वाढीव आयुष्यही मिळत नाही. पुढे २००९ साली केनियन यांच्याच गटाने कृमींच्या अन्नात २ टक्के ग्लुकोज मिसळले, तेव्हा त्यांचे आयुष्य सुमारे २० टक्क्यांनी घटले.

माणसात इन्शुलिनचा संदेश सरसकट कमकुवत झाला, तर मधुमेह होतो. त्यामुळे हा शोध औषधात उतरवणे सोपे नाही. मात्र हा संदेश कोणत्या ऊतीत कमी होतो, यावर बरेच अवलंबून असावे. २००३ साली बॉस्टन येथील संशोधकांनी केवळ चरबीच्या पेशींतील इन्शुलिनचा ग्राहक काढलेले उंदीर तयार केले. ते नेहमीइतकेच खात राहिले, सडपातळ राहिले आणि सरासरी १८ टक्के अधिक जगले.