चेरोकी लिपी आणि युनिकोडमधला उलटा नियम

चेरोकी ही अमेरिकेतल्या एका मूलनिवासी जमातीची भाषा. तिच्या लिपीत एका चिन्हात एक अख्खा उच्चार मावतो. आपल्याकडे 'ग', 'गे', 'गी' लिहिताना मूळ 'ग' तोच राहतो. तिथे या तीन उच्चारांची तीन चिन्हं, एकमेकांशी काही संबंध नसलेली. काना-मात्रा नाही, जोडाक्षरं नाहीत. म्हणजे देवनागरी पडद्यावर नीट उमटवायला जी मेहनत पडली, ती इथे लागलीच नाही.

लिपी 1821 च्या सुमारास तयार झाली. बॉस्टनमध्ये तिचे छपाईचे खिळे ओतले गेले आणि 1828 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या न्यू एकोटा इथून चेरोकी-इंग्रजी वृत्तपत्र निघालं. मूळ चिन्हं 86; त्यातलं एक पुढे वापरातून गेलं, उरली 85.

संगणकावर सुरुवातीला इंग्रजी अक्षरांच्या जागी चेरोकी आकार बसवलेले फॉन्ट चालत. फॉन्ट बदलला की मजकुराचा इंग्रजी कचरा. जुन्या मराठी डीटीपी फाइली उघडणाऱ्यांना हे सांगायला नको. शिवाय चेरोकीत इंग्रजी 'डी'सारखं दिसणारं चिन्ह 'अ' वाचतात, 'डब्ल्यू'सारखं 'ला'. त्यामुळे कचरा झालाय हे पटकन लक्षातही येत नसे. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारं जागतिक मानक. 1999 मध्ये त्याच्या 3.0 आवृत्तीने या 85 चिन्हांना 13ए0 या क्रमांकापासून स्वतःच्या जागा दिल्या.

खरा पेच इथून पुढचा. 1999 मध्ये लिपीत कॅपिटल-स्मॉल भेद नाही असं धरलं होतं. पण हस्तलिखितांत आणि जुन्या छपाईत वाक्याच्या सुरुवातीला तेच चिन्ह मोठं काढलेलं सापडतं. म्हणून 2015 मध्ये युनिकोड 8.0 ने भेद मान्य केला. आधीची चिन्हं फॉन्टांमध्ये कॅपिटलच्या उंचीची होती, ती कॅपिटल ठरली. वापरातून गेलेलं चिन्हही परत घेतलं आणि 86 स्मॉल नव्याने आली: 80 एबी70 पासून, उरलेली 6 जुन्या गटातच 13एफ8 पासून.

अडचण तुलनेची. लहान-मोठं न पाहता दोन शब्द जुळवण्याच्या क्रियेला केस फोल्डिंग म्हणतात, आणि ती सहसा सगळं स्मॉलमध्ये नेते. पण एकदा ठरलेलं फोल्डिंग बदलायचं नाही, हे युनिकोडचं वचन आहे. 1999 पासूनची चिन्हं स्वतःवरच फोल्ड होत होती, म्हणजे न बदलता तशीच राहत होती. ती स्मॉलकडे वळवली असती, तर आधी साठवलेल्या नोंदी नव्या प्रणालीत जुळल्या नसत्या. म्हणून चेरोकीत फोल्डिंग कॅपिटलकडे जातं. नियम विचित्र दिसतो, पण सोळा वर्षांचा मजकूर त्याने सांभाळला, आणि माझ्या मते तेच जास्त मोलाचं होतं.

त्रास होतो तो 'स्मॉल करा' आणि 'फोल्ड करा' एकच समजणाऱ्या प्रोग्रॅममुळे. शोधासाठी मजकूर स्मॉल करून साठवला, की एकही स्मॉल अक्षर न टाइपलेला चेरोकी मजकूर बहुतेक एबी70 च्या गटात जातो. 2015 पूर्वीच्या फॉन्टमध्ये तिथे नुसते चौकोनी डबे दिसतात. आणि शोधाची अनुक्रमणिका युनिकोड 8.0 पूर्वीच्या लायब्ररीने (प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार कोडने) बनवली असेल, तर तिच्यात मूळ चिन्हं तशीच असतात, शोधशब्द मात्र नवी लायब्ररी स्मॉल करते, आणि समोर असलेला शब्दही सापडत नाही. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत इथे स्मॉल करणारं 'लोअर' नाही, फोल्ड करणारं 'केसफोल्ड' वापरायचं, तेही 3.5 किंवा पुढच्या आवृत्तीत. अनुक्रमणिका एकदा नव्याने बांधावी लागते, आणि दाखवायचा मूळ मजकूर वेगळा, न बदलता ठेवावा लागतो.